शिमग्याच्या बाजारातला टँकर

हर्षालीने कलिंगड उचलून त्यावर टिचकी मारली, आणि नेमका त्याच वेळी वरच्या वळणावरून असा काही आवाज आला की पाटीखाली झाकलेल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. आधी ब्रेकची लांबलचक किंचाळी, मग दगडावर लोखंड घासत गेल्याचा कर्कश आवाज आणि शेवटी जमीन हादरवणारा दणका.

होळी दोन दिवसांवर आली होती. हरसूलच्या रस्त्याला लागून असलेल्या कोटमपाड्याचा हा वर्षातला सगळ्यांत मोठा बाजार. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेलेली माणसं सणासाठी घरी आली होती आणि मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला गोजराबाईची भज्यांची कढई उकळत होती, तिच्या पलीकडे जिलेबीवाला, चहावाले, आणि उताराच्या टोकाला लोहार भाता लावून विळ्यांना धार काढत बसला होता.

हर्षालीने कलिंगड ठेवलं, पदर खोचला आणि चढाकडे पळत सुटली. ती गावची पोलीस पाटील होती. आठ महिन्यांपूर्वी लेखी परीक्षा देऊन, मुलाखत देऊन, रीतसर झाली होती. पण गावाच्या मनातले पोलीस पाटील अजूनही बहिरूबाबाच होते. पंचवीस वर्षं त्यांनी ते काम पाहिलं होतं. साठी झाली तसे ते निवृत्त झाले, तरी बांधावरचं भांडण असो की दारू पिऊन कुणी घातलेला धिंगाणा, लोक त्यांच्याच ओट्यावर जायचे. हर्षालीकडे यायचे ते दाखल्यावर सही घ्यायला.

वळणावर पोचली तर रस्ता अडवून एक भलामोठा टँकर कुशीवर पडला होता. दोघा-तिघांनी ड्रायव्हरला काच फोडून बाहेर काढलं होतं. त्याचा एक हात खांद्यापासून लोंबत होता, पण शुद्ध होती. हर्षालीने त्याला विचारलं, "काय आहे आत?"

"पेट्रोल है, दीदी. बारा हजार लिटर. सबको भगाओ यहाँ से."

वरच्या झाकणातून मनगटाएवढी धार लागली होती. डोक्यात जाईल असा वास सुटला होता. हर्षाली शंभर पावलं मागे सरकली, शाळेच्या ओट्यावर चढली आणि तिने एकशे बाराला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट लिहून घेतलं आणि सांगितलं, "अग्निशमनची गाडी निघतेय मॅडम, पण घाट आहे. सव्वा तास तरी धरा. तोवर कुणाला जवळ जाऊ देऊ नका."

कुणाला जवळ जाऊ देऊ नका. तिने मान वर केली तर माणसं उलट्या दिशेने धावत होती. बाजारातून, पाड्यातून, शेतांतून, जो तो हातात काहीतरी घेऊन टँकरकडे निघाला होता. तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या किटल्या, एका बाईच्या डोक्यावर तर चक्क हंडा. गर्दीच्या मधोमध शेखर उभा होता. तो हरसूलचा. 'डोंगरवार्ता' नावाचं त्याचं यूट्यूब चॅनेल होतं, आणि आजूबाजूच्या चाळीस पाड्यांवर ते बघितलं जायचं. मोबाइल उंच धरून तो सांगत होता, "मित्रांनो, बघा, पेट्रोलचा अक्षरशः पाट वाहतोय. लोकांची झुंबड उडालीय." बघणाऱ्यांना त्यातून कळायचं ते कळलं होतं. पलीकडच्या पाड्यावरून दोन मोटारसायकली कॅन लटकवून येताना दिसत होत्या.

"मागं व्हा," हर्षाली ओरडली. "अहो मागं व्हा, पेटेल ते." तिचा आवाज तिच्याच कानांपर्यंत पोचला नाही. एकाने वळून पाहिलं, हसला आणि डबा धारेखाली धरला.

तेव्हा तिला गावाच्या फोनची आठवण झाली. चोरी, वणवा, पूर असं काही झालं तर एका ठरलेल्या नंबरवर फोन करायचा आणि अर्ध्या मिनिटात जे सांगायचं ते सांगायचं. तेच बोलणं गावातल्या नोंद असलेल्या प्रत्येक फोनवर कॉल होऊन जायचं. कुणी लाऊडस्पीकरच लावला असावा असं. घरोघर फिरून ती नोंदणी हर्षालीनेच केली होती. सव्वातीनशे नंबर. आजवर ते वापरायची वेळ आली नव्हती.

नंबर लावता लावता तिचा अंगठा अडखळला. पेट्रोल पंपावर मोबाइल वापरू नका म्हणून पाटी असते. इथे एकदम पन्नास फोन वाजले तर? पण आत्ताच तिथे वीसेक जण व्हिडिओ काढत होते, आणि पाड्यातल्या भिकाच्या तोंडात बिडी होती. पेटवलेली नव्हती, नुसतीच होती. तो खिसे चाचपत होता. हर्षालीने डोळे मिटून बटण दाबलं.

नुसतं "मागं व्हा" म्हणून कुणी मागं होणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. गर्दीला सांगितलेलं कुणालाच सांगितलेलं नसतं. तिने डोळे उघडले आणि समोर जो पहिला ओळखीचा चेहरा दिसला, तो तिच्या सख्ख्या दिराचा होता. किशोर. हातात पाच लिटरचा पांढरा कॅन.

"मी हर्षाली, पोलीस पाटील बोलतेय," ती म्हणाली. "वळणावर पेट्रोल सांडलंय. एक ठिणगी पडली तर बाजारासकट जळून जाऊ. किशोर भाऊजी, तुमच्या हातातला पांढरा कॅन मला दिसतोय. खाली ठेवा आन् मागं या. भिका, काडी ओढशील तर पहिला तूच जाशील. पुंजाकाका, तुमच्या वयाला शोभत नाय हे. लंकाबाई, कडेवर लेकरू हाय तुमच्या. गोजराबाई, भज्यांची भट्टी बंद करा, आन् बाजारातली एकूणएक चूल विझवा. मी शाळेच्या ओट्यावरून बघतेय. प्रत्येकाला बघतेय."

फोन ठेवला. काहीच झालं नाही.

मग एक फोन वाजला. मग दुसरा. मग खिशांतून, पिशव्यांतून, कमरेच्या बटव्यांतून, सायकलच्या हँडलला अडकवलेल्या थैल्यांतून एकदम फोनच फोन. कुणाचा देवाच्या गाण्याचा, कुणाचा लग्नातल्या बँडचा. लोकांनी ते कानाला लावले, कुणी स्पीकरवर टाकले, आणि हर्षालीचा आवाज शंभर ठिकाणांहून, एकमेकांच्या अर्धा क्षण मागेपुढे, सगळ्या वळणावर घुमला. किशोर भाऊजी... किशोर भाऊजी... पांढरा कॅन...

सगळ्या माना किशोरकडे वळल्या. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. कॅन तापला असावा तसा त्याने तो खाली ठेवला आणि मान खाली घालून चालू लागला. त्याच्या मागे पुंजाकाका. मग लंकाबाई, लेकराचं डोकं पदराखाली झाकून. ज्यांची नावं निघाली नव्हती ते जास्तच घाईने निघाले, न जाणो पुढचं नाव आपलंच असायचं.

भिका मात्र हटला नाही. बिडी त्याने फेकली, पण त्याचा कॅन भरून झाला होता आणि तो घेऊन तो मोटारसायकलवर बसला. किल्ली फिरवणार, तेवढ्यात बाजूने एक सुरकुतलेला हात आला आणि किल्ली उपसून घेऊन गेला. बहिरूबाबा.

"गाडी ढकलत ने," ते म्हणाले.

"बाबा, एवढंच तर हाय."

"पाटलांनी काय सांगितलं, ऐकू नाय आलं का तुला?"

त्यांचा खणखणीत आवाज ओट्यावर हर्षालीपर्यंत पोचला. पण त्यावर विचार करायला सवड नव्हती. तिची नजर रस्त्याकडेच्या चारीवर गेली होती. पावसाळ्यात पाणी जायला खोदलेली ती चारी वळणापासून निघून थेट बाजाराच्या मैदानात उतरत होती. तिच्या तळातला पाचोळा वरून खाली हळूहळू काळा पडत चालला होता. पेट्रोल उतारालाच लागलं होतं.

ती ओट्यावरून उडी मारून पळाली. वाटेत शेखरचा दंड धरला. "शेखरभाऊ, लाइव्ह बंद करू नका. इथून लांब, हरसूलच्या फाट्यावर जा आन् तिथून बोला. सांगा की इकडं येणारा माणूस जिवाला मुकेल. तुमचं ऐकून लोक आलेत, तुमचंच ऐकून थांबतील." शेखर पांढराफटक पडला होता. तो मोबाइल तसाच धरून फाट्याकडे पळाला.

बाजारात गोजराबाईने गॅस बंद करून कढईवर परात पालथी घातली होती आणि आता ती जिलेबीवाल्याशी हुज्जत घालत होती. "विझव रे मेल्या. तुझ्या घाण्यापायी मी जळू का?" चहावाल्यांचे स्टोव्ह शांत झाले होते. राहिला लोहार. तो बाहेरगावचा, त्याचा नंबर हर्षालीच्या यादीत नव्हता. त्याला कुणाचा फोन आला नव्हता, आणि त्याचे निखारे लालबुंद फुललेले होते. चारी त्याच्या मागून दहा हातांवरून जात होती.

"दादा, माती टाका, माती," हर्षाली ओरडली. लोहाराने तिच्या तोंडाकडे पाहिलं, नाकाने वास घेतला आणि एक शब्द न विचारता दोन्ही हातांनी माती ओढून भट्टी बुजवून टाकली. वर स्वतःची पाण्याची बादली ओतली.

"आता चारी बांधायची," ती मागे आलेल्या लोकांना म्हणाली. रस्त्याच्या कामासाठी आणलेला मुरुमाचा ढीग तिथेच होता. कुणीतरी विक्रीला ठेवलेलं फावडं उचललं, तसा बहिरूबाबांनी हात वर केला. "लोखंड नको. दगडावर लागलं तर ठिणगी. हातानं भरा."

मग जे काही झालं ते हर्षालीला नंतर नीट सांगताच यायचं नाही. बुरडाने आपल्या विक्रीच्या टोपल्या पुढे ढकलल्या. बायका ढिगावर गुडघे टेकून हातांनी मुरूम ओढू लागल्या. माणसांची रांग लागली. ज्यांनी रिकामे डबे आणले होते, ते डब्यांनी मुरूम वाहू लागले. किशोर सगळ्यांच्या पुढे, चारीत उतरून टोपल्या उलट्या करत होता. वासाने डोकं गरगरत होतं, म्हणून हर्षालीने ठरवून दिलं की पन्नास आकडे मोजायचे, चारीतून बाहेर यायचं आणि दुसऱ्याने उतरायचं. ती स्वतः मोठ्याने आकडे मोजत होती. एकदा किशोर पन्नासला वर आला नाही, तेव्हा तिने त्याला कॉलर धरून वर ओढलं.

पहिल्या बांधाखालून पेट्रोल पाझरलं. दुसरा घातला. तोही ओला झाला. तिसरा मात्र त्यांनी पायांनी तुडवून कमरेएवढा केला, आणि त्याच्या अलीकडे पेट्रोल हळूहळू साचत, चमकत, थांबलं. सगळे श्वास रोखून बघत होते. बांधाच्या खालची माती कोरडी ती कोरडीच राहिली. लोहाराची भट्टी तिथून सात पावलांवर होती.

"चला आता सगळे, लांब, टेकाडावर," हर्षाली म्हणाली, आणि या वेळी तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

सायरन घाटात ऐकू आला तेव्हा एक वाजत आला होता. लाल गाडीतून उतरलेल्या साहेबांनी पहिल्यांदा तिलाच झापलं. "एवढ्या जवळ माणसं नेऊन बांध घालायचे नसतात, ताई. भडका उडाला असता तर एकही वाचला नसता." त्यांचं खरंच होतं, हर्षालीने ते मान हलवून कबूल केलं. मग ते उतारावरून खाली गेले, विझलेल्या भट्टीपाशी उभे राहिले, आधी बांधाकडे आणि मग वर टँकरकडे पाहिलं. जाताना एवढंच म्हणाले, "तुमचा नंबर द्या मला." त्यांच्या माणसांनी टँकरवर आणि चारीत पांढऱ्या फेसाचे डोंगर रचले. ड्रायव्हर तोवर रुग्णवाहिकेतून गेला होता. खांदा निखळला होता, बाकी ठीक होता.

किशोर घरी आला तो थेट न्हाणीत शिरला. दोनदा साबण लावला तरी वास जाईना. जेवायला बसल्यावर म्हणाला, "वहिनी, अख्ख्या गावात माझंच नाव पहिलं घ्यायचं होतं का?"

"दुसऱ्याचं घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, घरच्याला सोडलं."

त्याने भाकरी मोडली. "मित्र मला कॅन म्हणायला लागलेत," तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपने संतोष आला. हर्षालीचा नवरा नाशिकला द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होता आणि सणासाठी संध्याकाळी यायचा होता, पण त्याला धीर धरवला नव्हता. पिशवी खाली ठेवण्याआधीच तो सांगायला लागला. तो ट्रकमध्ये खोकी चढवत होता, फोन वाजला, उचलला तर बायको, पण बायको त्याच्याशी बोलतच नव्हती. "मी हॅलो हॅलो करतोय, आन् तू आपली किशोरला कॅन ठेवायला सांगतेयस. मी स्पीकरवर टाकलं. सगळे हमाल गोळा झाले. एक जण तर म्हणाला, ही बाई आमच्या गावाला द्या. आन् मग तू बघतेय, बघतेय म्हणालीस आन् फोन कट. परत लावतोय तर लागेना. किशोरचा लागेना, कुणाचाच लागेना. दुपारी त्या शेखरचं बघितलं तेव्हा कळलं की जिवंत आहात."

हर्षालीने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तिचे तळहात मुरुमाने सोलवटले होते, ते त्याने पाहिले आणि तांब्या तसाच धरून राहिला.

"मला अर्धंच माहीत हाय," तो म्हणाला. "पयल्यापासून सांग."

"तर मी कलिंगड घेत होते," हर्षाली म्हणाली, आणि उंबऱ्यावरच बसली.