भिंगरीची साक्ष

भिंगरीने मान हलवली आणि मांडवातल्या दीडशे माणसांनी एकदम हात जोडले.

माझ्या वडिलांचा, सहादेवरावांचा, तेरावा होता. भिंगरी ही त्यांची कुत्री. तोल सांभाळणारा तिचा लहान मेंदू जन्मापासूनच नीट वाढलेला नाही. चालताना झिंगते, पडते, पुन्हा उठते. आता ती पोत्यावर बसली होती आणि तिसगावचा श्रीमंत नावाचा देवऋषी तिच्यापुढे मांडी घालून.

"सहादेवराव ह्या मुक्या जीवात शिरल्यात! जिभेला कुलूप, पन मानेला किल्ली हाय. बोला, लेकीनं घात केला?"

भिंगरी स्थिर.

"भावानं?"

स्थिर.

"लंकाबाईनं?"

मान वरखाली, वरखाली.

लंकाबाई आमची शेजारीण. वडील शेतात कोसळले त्या दुपारी तिनेच त्यांना ताक नेऊन दिलं होतं. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला. तो कागद मी घरात दोनदा वाचून दाखवला होता.

"चेटकीन!" माझा चुलता सूर्यभान ओरडला.

कुणीतरी तिच्या झिंज्या धरल्या. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी तोंडावर. सतरंजीवर दात पडला.

"आरं, ताक हुतं रं! नुसतं ताक!"

तिच्याकडे धावताना मला धक्का बसला आणि मी भिंगरीजवळ पडले. तिथून श्रीमंतचा डावा हात दिसला. बोटांत बुंदीचा लाडू होता.

खाण्यावर तोंड नेताना भिंगरीची मान वरखाली थरथरते. खाणं दूर गेलं की थांबते. हे घरात वडिलांना आणि मला ठाऊक होतं. श्रीमंतने ते पंगतीत हेरलं असावं.

मी लाडू हिसकावला. "थांबा! बाबांना मी विचारते."

मेलेल्या माणसासाठी काठ्या थांबल्या.

"बाबा, श्रीमंतनं मारलं तुम्हाला?"

मुठीत झाकलेला लाडू मी तिच्या नाकाजवळ नेला. मान वरखाली.

त्याच काठ्या श्रीमंतवर कोसळल्या. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"आरं, कुत्रं हाय ते!" तो किंचाळला. "त्याला काय कळतंय!"

मी मध्ये शिरले. एक काठी माझ्या कोपरावर बसली.

"ऐकलंत? तोच सांगतोय. काका, आता तुमचं नाव घेऊ?"

सूर्यभानकाकांनी काठी खाली टाकली.

मी सगळ्यांसमोर लाडू भिंगरीच्या नाकापुढे धरला. मान हलली. पाठीमागे नेला. थांबली. मग वडील रोज धरायचे तशी तिच्या हनुवटीखाली तळहात धरला. मान स्थिर झाली आणि तिने लाडू शांतपणे खाल्ला.

"आजार हाय व्हय हा?" काका पुटपुटले.

"जन्माचा. बाबांनी चार वर्षं तिला असंच भरवलं. टेम्पो काढा, लंकाबाईंना नगरला न्यायचंय."

काका लंकाबाईच्या पायांशी वाकले. तिने पाय मागे ओढून घेतले.

तिला उचलता उचलता मी एवढंच म्हणाले, "मुक्या जनावराला साक्षीला बसवू नका. आणि कुणी बसवलंच, तर काठी उचलण्याआधी विचारणाऱ्याची मूठ उघडून बघा."