मुनीमचा डबा

कुत्र्यांसाठी घरचं जेवण रांधून डबे पोचवणारी एक ताई होती. रोज सकाळी ती प्रत्येक घरी फोन करायची आणि दोनच प्रश्न विचारायची: खाल्लं का, आणि शी कशी झाली? लोक आधी लाजायचे. पुढे इतके सरावायचे, की भर बाजारात उभं राहून खड्या आवाजात सविस्तर वर्णन करायचे.

"माझी एवढी चौकशी कधी केली नाहीस," डबे भरता भरता नवरा म्हणायचा.

"तू तक्रार करतोस. कुत्री करत नाहीत, म्हणून विचारावं लागतं."

नवरा दिवसभर रिक्षा चालवायचा आणि जाता जाता रिक्षातूनच डबे हातात देऊन पुढे जायचा. डब्यात काही जादू नव्हती. उकडलेली कोंबडी, थोडी कलेजी, मऊ भात, लाल भोपळा, गाजर, वर अंड्याच्या टरफलाची पूड. मीठ नाही, कांदा तर नावालाही नाही. प्रत्येक कुत्र्याचं प्रमाण ती प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून ठरवायची. पण तिचं म्हणणं असं, की नुसत्या डब्यानं भागत नाही. कुत्र्याला ऊन हवं, माती हुंगायला वेळ हवा, आणि अंगावरून हात फिरवणारं माणूस हवं. म्हणून महिन्यातून एकदा ती स्वतः जाऊन प्रत्येकाच्या हिरड्या, पंजे, कातडी बघून यायची.

तिचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मुनीम. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचा म्हातारा, तपकिरी कुत्रा. काका एकटेच होते. पुढे दुकान, मागे एक खोली. मुनीम गल्ल्याशेजारी बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं बघायचा, जणू उधारी त्यालाच वसूल करायची आहे. पहिल्यांदा ताईनं त्याला पाहिलं तेव्हा पाठीवरचे केस झडून कातडी लालभडक झाली होती आणि तो रात्रंदिवस खाजवत होता. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि जेवण बदला म्हणून सांगितलं. काका बिस्किटांवर स्वतःही जगत होते आणि त्यालाही जगवत होते. डबा सुरू झाला, रोज सकाळी उन्हात फिरणं सुरू झालं, खोबरेल तेलानं पंजे चोळणं सुरू झालं. हळूहळू पाठ भरली. ताई दुकानात शिरली की मुनीम गल्ला सोडून तिच्या पायांवर लोळण घ्यायचा.

पुढे कधीतरी काका टाळाटाळ करायला लागले. ताई भेटायला येते म्हणाली, की मुनीम झोपलेला असायचा. नाहीतर शेजाऱ्यांबरोबर फिरायला गेलेला असायचा. फोनवर मात्र उत्तरं चोख.

"खाल्लं का?"

"सगळं. चाटूनपुसून."

"आणि शी?"

"आज जरा कडक झाली, ताई."

ताईनं भोपळा वाढवला. दुसऱ्या दिवशी काकांनी मनापासून आभार मानले.

मग एका सकाळी दुसऱ्याच कुत्र्याचं प्रमाण विचारायला ती दवाखान्यात गेली आणि सहज म्हणाली, "मुनीमचा भात वाढवू का थोडा? हल्ली डबा अगदी लख्ख येतो परत."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "ताई, मुनीम गेला. महिना होऊन गेला असेल. तुम्हाला काका बोलले नाहीत?"

ती तडक दुकानात गेली. काका डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून जेवत होते. समोर तिचाच डबा होता आणि शेजारी कागदाच्या पुडीत मीठ. तिला बघून त्यांचा घास हातातच राहिला.

"कसा गेला?" ताईनं उभ्याउभ्याच विचारलं.

"संध्याकाळी फिरून आलो. माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला. काही त्रास नाही झाला हो त्याला." काकांनी घास खाली ठेवला. "सकाळी तुमचा फोन आला. खाल्लं का, विचारलंत. मी रात्रभर बसून होतो. त्याचा डबा तसाच होता, तो मी पहाटे खाल्ला होता. मी हो म्हणालो. मग पुढे सांगायचं राहूनच गेलं."

"राहून गेलं? महिनाभर?"

"मला कोण विचारतं, ताई, खाल्लं का म्हणून?" ते ओशाळून हसले. "तुमचा फोन आला, की उठून दुकान उघडावंसं वाटायचं."

ताईला रडू फुटलं. त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. "मी त्याला शेवटचं बघितलंही नाही. माझा कोणीच नव्हता का तो? हात तरी फिरवला असता अंगावरून."

"चुकलं माझं," काका म्हणाले. मग त्यांनी तिला दुकानामागे मुनीमला पुरलं ती जागा दाखवली. कुंपणाजवळची माती अजून बसायची होती. ताई तिथं बराच वेळ बसली.

निघताना म्हणाली, "उद्यापासून डबा बंद."

काकांचा चेहरा उतरला.

"दुपारी आमच्याकडे जेवायला या. आयतं नाही मिळणार. भोपळा चिरावा लागेल."

काका यायला लागले. भोपळ्याची एकेक फोड ते असे न्याहाळून कापायचे, की नवरा म्हणायचा, "काका, कुत्री उपाशी मरतील." पण आता त्यालाही जेवताना सोबत झाली होती.

दवाखान्यात एक म्हातारी कुत्री येऊन पडली होती. मालक दूरच्या गावी निघून गेलेले, आणि ती अन्नाला तोंड लावेना. ताईनं काकांना विचारून पाहिलं. "नको," ते म्हणाले, "एवढ्यात घरात कोणी नको." ताईनं पुन्हा विषय काढला नाही. पण डबा घेऊन तेच जायला लागले. जमिनीवर बसून, जेवण कोमट करून, बोटांनी भरवायचे. आधी तिनं नुसती बोटं चाटली. मग खाऊ लागली.

एका कुटुंबानं तिला न्यायचं ठरवलं, तेव्हा काका त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेले. काय द्यायचं, काय चुकूनही द्यायचं नाही, मागचे पाय कसे चोळायचे, सगळं समजावून उशिरानं ताईकडे जेवायला आले.

"वाईट वाटलं?" ताईनं विचारलं.

"वाटलं की." काकांनी ताट पुढे केलं. "पण अंगणात ऊन चांगलं येतं त्यांच्या. भात वाढा थोडा, आज भूक लागलीय."