मला सापडलेला एकुलता एक तारा

मी एक जुना कॉम्प्युटर बोलतोय. वसईच्या पाचूबंदरातल्या एका घरात, माळ्यावर, नायलॉनच्या जाळ्यांशेजारी पडून आहे. सगळी हयात आकडेमोडीत गेली, तरी एका गोष्टीचा उलगडा मला अजून झालेला नाही. तुम्हाला झाला तर मलाही सांगा.

क्लेमेंटीनने मला सुटे भाग आणून स्वतः जोडलं. तिचे वडील पास्कल मासेमारीला जातात, आई थेरेसा मासळी विकते आणि लेक ताऱ्यांवर पीएचडी करते. मला वाटलं, आता घरात दुर्बीण येणार. कसली दुर्बीण नि कसलं काय! तिने कुठल्याशा यंत्राने अवकाशातून टिपलेली नुसती खरखर माझ्या पोटात भरली आणि म्हणाली, "यात एका ताऱ्याची गुणगुण आहे का बघ."

हा तारा म्हणे मेलेला. वसई तालुक्यात मावेल एवढा, पण सूर्याहून जड. गरगर फिरताना तो अवकाशालाच बारीक थरथर आणतो. त्यातून हा एकटा नाही, जोडीदार ताऱ्याभोवती घिरट्या घालतो, म्हणून त्याचा सूर एकसारखा चढतो-उतरतो. एका घिरटीला किती वेळ लागतो ते कोणालाच ठाऊक नाही. मग लाखो अंदाज एकेक लावून बघायचे, आणि ते कोणी? तर मी!

थेरेसालाही यातलं काही कळेना. क्लेमेंटीन म्हणाली, "आय, पप्पांची बोट जवळ येताना मशीनचा आवाज चढतो, लांब जाताना उतरतो ना, तसं."

"मंग त्यात काय? मी दारात बसून सांगते कोनाची बोट आली ती."

खरंच सांगायची. मी मात्र सात महिने तापत राहिलो आणि ती माझ्या गरम वाऱ्यासमोर ओले टॉवेल वाळत घालायची.

एका शुक्रवारी दुपारी मला सूर सापडला. सेकंदाला २१७.४ कंपनं. क्लेमेंटीन खुर्चीतून उठून नाचलीच. तिचे पीएचडीचे सर फोनवर म्हणाले, "सोमवारी सगळ्यांसमोर मांड." नुसत्या अशा गुणगुणीवरून तारा आजवर कोणाला सापडलेला नाही, म्हणजे पोरीचं नाव जगभर होणार. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो आकडा लिहिला. थेरेसाने गल्लीभर सांगितलं आणि देवाचे आभार मानायला रविवारची उपकाराची मिस्साही चर्चमध्ये फादरांना सांगून आली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

शनिवारी सकाळी पास्कल भरतीची वेळ बघायला कॅलेंडरपाशी गेले.

"बाय, आपल्या बोटीचा नंबर हितं कशाला लिवला? दोन, एक, सात, चार."

"देवाची निशानीच ती!" थेरेसाने क्रूसाची खूण केली.

क्लेमेंटीन धावत माझ्याकडे आली आणि तिने जुनी नोंद उघडली. शोधण्याची रीत बरोबर आहे की नाही हे तपासायला ही संशोधक मंडळी स्वतःच एक खोटा सूर खरखरीत मिसळतात. तिनेही मिसळला होता, लक्षात राहावा म्हणून बोटीच्या नंबराचा. मग काढायचा विसरली. आणि मी इमानेइतबारे तोच शोधून दिला!

ही गोष्ट त्या घराबाहेर कोणालाच माहीत नव्हती. तरी तिने फोन उचलला. "सर, तो सूर मीच टाकला होता."

सर म्हणाले, "चला, चाळणी तरी चांगली आहे. तो काढ आणि पुन्हा शोध."

थेरेसा रडकुंडीला आली. "आता मिस्सा कशाची करू?"

"जालं रिकामं आलं तरी बोट घरी आली ना?" पास्कल म्हणाले. "त्याचीच कर."

पुढे वर्षभर मी शोधलं. काही म्हणजे काही सापडलं नाही. आणि त्या न सापडण्यावर क्लेमेंटीनने दीडशे पानं लिहिली, तिला डॉक्टर म्हणू लागले! सापडलं तर दुसऱ्याच दिवशी घरात रडारड, नाही सापडलं तेव्हा पेढे. माणसांचं हे गणित माझ्या डोक्यावरून गेलं.

आता ती परदेशी आहे. माझा पंखा अडकलाय, भंगारवाला दोनदा विचारून गेला. मला द्यायचं तर द्या. फक्त संध्याकाळ होऊ द्या, एवढीच विनंती.

मी शोधला तो तारा खोटा होता, असं सगळे म्हणतात. असेलही. पण रोज संध्याकाळी पाण्यावरून एक आवाज चढत चढत येतो, थेरेसा दारातून उठते, आणि किनाऱ्याला २१७४ लागते.