जाळीखालचं पाणी

मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. गॅरेजसमोर, पावसाळी गटाराच्या तोंडावर बावीस वर्षं बसून आहे. मित्रांनो, तुमची चिल्लर, पेनांची टोपणं माझ्या फटींतून पडतात तेवढीच काय ती आपली ओळख.

एका ओताऱ्याने तापलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. मला इथे बसवलं त्याच वर्षी धो धो पाऊस झाला, पण गल्लीत पाणी साचलं नाही. लोक म्हणाले, "या जाळीने घरं वाचवली." तेव्हा मला कोण अभिमान वाटला!

मग माझ्याकडे कुणी बघेनासं झालं. रंगारी ब्रश धुवायचा, कुणी उष्टंखरकटं लोटायचं. गॅरेजचे मिस्त्री दुकान बंद करताना इंजिनातलं जळकं ऑइल माझ्यात ओतायचे. झाडूवाली मावशी एकदा म्हणाली, "मिस्त्री, घरातलं सांडपाणी साफ होऊन पुढे जातं. हे मात्र थेट ओढ्याला मिळतं."

"एवढ्याशा ऑइलने काय होतंय, मावशी," मिस्त्री म्हणाले आणि डबा निथळवत राहिले.

मला बोलता येत नाही. मी गिळत राहिले.

एका सकाळी मिस्त्रींची थोरली बहीण आली. ती ओढ्याकाठी राहते, बदकं पाळते. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं एक बदक होतं, पिसं चिकटून काळी झालेली.

"चार गेली रे. हे तेवढं धुगधुगी धरून आहे," ती म्हणाली. "ग्रीस कसं काढायचं हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?"

मिस्त्रींनी पिसांवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कोमट पाणी काढलं, भांड्यांचा साबण आणला आणि माझ्या शेजारीच बसून बहीणभावांनी त्या बदकाला धुतलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. घमेलं काळं झालं. ताईने ते उचललं आणि माझ्यावर कलतं केलं.

मिस्त्रींनी तिचा हात धरला. "ताई, तिथे नको."

"का? गटारच आहे की."

"ते तुझ्या ओढ्यात जातं."

"तुला कसं ठाऊक?"

मिस्त्रींना मान वर करवेना. "ते ऑइल मीच ओतत होतो."

ताईने घमेलं खाली ठेवलं. बदक पदराखाली घेतलं आणि ती निघून गेली. दोन आठवडे ती या गल्लीत फिरकली नाही. मिस्त्री मात्र रोज दुपारी ओढ्यावर जायचे, काठावरचं तेलकट गवत पोत्यांत भरून आणायचे. दुकानात त्यांनी झाकणाचं पिंप ठेवलं. जुनं ऑइल नेणारी गाडी आता ते घेऊन जाते. रंगाऱ्यालाही त्यांनी हात जोडून सांगितलं.

पंधराव्या दिवशी ताई आली. "बदक पोहायला लागलंय," एवढंच म्हणाली आणि स्टुलावर बसली. मिस्त्रींनी चहा मागवला. पहिला कप तिच्यापुढे केला.

मित्रांनो, मला निवड करता येत नाही. जे ओताल ते मी खाली सोडते. म्हणून हातातला डबा माझ्यावर कलता करण्याआधी क्षणभर थांबा. खाली कुणीतरी पोहत असतं.