दोनदा तपासलेला व्हॉल्व्ह

मास्तरने बाईंचं हवेचं गेज हातात धरलं आणि त्यांच्या पुढच्या श्वासाची वाट पाहिली. श्वास घेतला की काटा झपकन खाली येत होता. सोडला की परत आपल्या जागी जाऊन उभा राहत होता, काही झालंच नाही अशा थाटात.

बाई वाळूवर गुडघे टेकून बसल्या होत्या. शेजारी त्यांचा नवरा एका माशामागे बोट फिरवत होता. दोघं आज पहिल्यांदाच पाण्याखाली आले होते. सकाळी कमरेइतक्या पाण्यात थोडा सराव, श्वास अडवायचा नाही, कशाला हात लावायचा नाही, एवढंच त्यांना शिकवलं होतं. काटा काय सांगतो हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते बघायला मास्तर होता. म्हणून तर होडीच्या मालकाने कितीही कुरकुर केली तरी तो एका वेळी दोघांहून जास्त माणसं खाली नेत नसे.

काचेआड बाईंचे डोळे मोठे झाले होते. मास्तरने त्यांच्या पाठीमागे हात घालून सिलिंडरचा व्हॉल्व्ह चाचपला. तो पूर्ण उघडा असायला हवा होता. पण हाताखाली फिरत राहिला, फिरत राहिला, आणि मग कुठे थांबला.

काटा स्थिर झाला. बाईंनी लांब श्वास घेतला आणि बोटांनी 'ठीक' अशी खूण केली. मास्तरने वर जायची खूण केली.

"एवढ्यात?" होडीत चढल्या चढल्या नवरा म्हणाला. "अजून थोडा वेळ ठेवायचं होतं हिला. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी गप्प होती."

"बोलून घ्या," बाई म्हणाल्या. "घरी जायचंय अजून." मग मास्तरकडे वळून म्हणाल्या, "मध्ये जरा जड जात होतं हो श्वास घ्यायला. पण तुम्ही पाठीवर हात ठेवलात आणि एकदम मोकळं वाटलं."

"होतं असं," मास्तर म्हणाला. आणि पट्ट्याचं बकल सोडायला लागला.

होडी त्याचा मेहुणा चालवायचा. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याने दोघांना टॉवेल दिले, पाणी दिलं, पुढे सावलीत बसवलं आणि मागे येऊन इंजिन सुरू केलं. तिथे मास्तर उभा होता.

"बाईंचा व्हॉल्व्ह मी उघडला होता," मास्तर म्हणाला. "सिलिंडर जोडतानाच."

मेहुण्याने पुढे एक नजर टाकून आवाज खाली आणला. "पुरता नव्हता उघडला, दाजी. पण काळजी नको. त्या उतरायला काठावर बसल्या ना, तेव्हा मी बघितलं. चांगले दोन-तीन वळसे दिले, तेव्हा घट्ट बसला. मग थोडा मागे घेतला, तुम्ही शिकवलंय तसा."

"कसा बघितलास?"

"असा." मेहुणा त्याच्या समोर आला आणि त्याच्या खांद्यावरून मागे हात घालून दाखवला. "माणूस तयार होऊन बसला की समोरून."

"रोज?"

"रोज. बहुतेक वेळा ठीकच असतो. जरासा हलतो आणि थांबतो. कधीतरीच तुमच्याकडून राहतो." तो हसला. "माणूस आहे, विसरायचाच. मी कुणाला बोलत नाही."

मास्तर त्याच्या हाताकडे बघत राहिला. समोरून हात घातला की कधीतरी डाव्या-उजव्याचा घोटाळा होतो. मग उघडा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या बाजूला फिरतो, आणि पुरता बंद झाला की तोही घट्टच बसतो. मग थोडा मागे घेतला की जेमतेम फट राहते. वर होडीत तेवढी हवा पुरते, फक्त काटा श्वासागणिक खाली येतो. खोल गेलं की पुरत नाही.

"दाजी, आता विषय निघालाच आहे म्हणून बोलतो," मेहुणा म्हणाला. "त्या दिवशी ताईचाही तसाच होता. मी नीट केला म्हणून बरं. नाहीतर लोकांनी सगळं तुमच्यावर ढकललं असतं. म्हणून तर आजवर तोंड उघडलं नाही."

मास्तर खाली बसला.

मागच्या हंगामात अडकलेला नांगर सोडवायला त्याची बायको एकटी उतरली होती. नांगर खोल होता, पण हे काम तिने कितीदा तरी केलं होतं. तिला वर आणलं तेव्हा सिलिंडरमध्ये अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक होती. ज्यांनी तिला होडीत घेतलं त्यांनी सवयीने व्हॉल्व्ह बंद करून सिलिंडर बाजूला ठेवला. हवा होती, म्हणजे हृदयच बंद पडलं असणार, असं सगळे म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणाले. मास्तरने मान डोलावली होती. दुसरं काही असणं शक्यच नव्हतं. तिचा व्हॉल्व्ह त्याने स्वतः उघडला होता.

"काय झालं, दाजी? बोलायला नको होतं का मी?"

"पुढच्या आठवड्यापासून तू माणसं खाली नेणार ना?"

"हो. परवाना आला की. तुम्हीच तर सही केलीत."

मास्तरने वापरायचा राहिलेला सिलिंडर ओढून घेतला. जोडला. व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडला आणि थोडा मागे घेतला. मग तो पाठीवर चढवून, ती बसायची तसा होडीच्या काठावर जाऊन बसला.

"माझा बघ," तो म्हणाला.

"आता? आपण तर परत निघालोय."

"बघ."

मेहुणा समोर आला. एक हात त्याने मास्तरच्या खांद्यावर ठेवला, आधारासाठी. दुसरा मागे घातला. होडी हलत होती. मास्तरला पाठीमागे व्हॉल्व्ह फिरल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. मग थोडासा मागे.

"बघा, आजही राहिला होता," मेहुणा म्हणाला आणि त्याचा खांदा थोपटला. "झालं."

पुढे बाई काहीतरी बोलल्या आणि नवरा मोठ्याने हसला.

मास्तरने गेज हातात घेतलं. तोंडात नळी धरून एक श्वास ओढला आणि त्याच क्षणी गेजच्या काचेवर अंगठा ठेवून काटा झाकला. मेहुणा त्याच्याकडे बघून हसत होता. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची, बहिणीला पडायची तशीच.

मास्तरने नळी काढली.

"इंजिन बंद कर," तो म्हणाला. "आणि इथे माझ्याजवळ बस. मी श्वास घेतो. तू काट्याकडे बघ."

त्याने अंगठा उचलला.