आपणहून हलणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक झुलती खुर्ची आहे. वयाने जुनी आणि स्वभावाने संशयी. कोणी माझ्या मालकाचे कौतुक करू लागले की मला लगेच शंका येते.

माझा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात झाला. जोसाया हार्वेल नावाच्या जमीनदाराच्या आयझॅक या गुलाम सुताराने मला घडवले. गुलामांना लिहायची बंदी होती. म्हणून आयझॅकने नावाऐवजी माझ्या बैठकीखाली चिमुकला रंधा कोरला. मालक काही वाकून बघणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

हार्वेलसाहेब आधी शेतकरी, मग कापसाचे व्यापारी, मग पुढारी. "सारे माझ्या घामाने उभे केले," असे ते सभांत सांगत. मला ते कधीच पटले नाही. शेतात राबत होते दुसरेच. साहेब तर माझ्यावर बसून झुलत! ते वारल्यावर माझ्या पाठीवर त्यांच्या नावाची पितळी पाटी ठोकली. आयझॅकचे नाव कोणी काढले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पुढे एका अमेरिकन शिक्षकाबरोबर मी जपानला आले. परत जाताना त्याने मला जुन्या सामानाच्या दुकानात सोडले. तिथून शिरीष आणि सुलेखा या मराठी जोडप्याने मला तोक्योतल्या कोतो भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये आणले. शिरीषची आई, सुहासिनीआजी, पुण्याहून आली होती. तिला पहिल्यापासूनच माझा संशय होता.

एका दुपारी मी रिकामीच हलू लागले.

"आजी, जिशिन! छोटा अर्थक्वेक," नात ईश्वरी म्हणाली.

"मग माझा चहा का नाही हिंदकळला? रिकामा पाळणासुद्धा हलवू नये म्हणतात, आणि ही तर आपली आपण हलते! पाटीवरचा तो बाबाच बसलाय तिच्यात. शिरीष, काढून टाक ही."

इथे मोठी वस्तू टाकायची तर कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, चिठ्ठी आणून तिच्यावर चिकटवतात. शिरीषने ती आणली. माझे धाबे दणाणले. चिठ्ठी चिकटवायला त्याने मला उलटे केले.

"आजी, हे काय कोरलंय?"

आजीने चष्मा लावला. "रंधा आहे गं, सुताराचा. पण असा लपवून का बरं?"

ईश्वरीने पाटीवरचे नाव फोनवर शोधले. "फार्मर, बिझनेसमन, पॉलिटिशियन. आजी, हा स्लेव्ज-ओनर होता. त्याच्याकडे गुलाम होते."

आजीने रंध्यावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "म्हणजे केली एकाने, आणि पाटी दुसऱ्याची! शिरीष, चिठ्ठी राहू दे. स्क्रूड्रायव्हर आण."

पाटी निघाली. खंडेनवमीला घरातल्या अवजारांबरोबर आजीने माझ्या पोटाखालच्या रंध्यालाही हळदकुंकू वाहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची पाटी जरूर वाचा, पण ती वस्तू एकदा उलटी करूनही बघा.

परवा पुन्हा जमीन हलली आणि मी झुलू लागले. आजी या वेळी दचकली नाही.

"बस रे सुतारदादा, बस," ती म्हणाली. "तुझीच आहे."