तापलेल्या फोनांची आत्या

ताईचा दावा साधा होता. महागड्या महासंगणकाचं काम घरातल्या मोबाइलांनी वाटून घ्यायचं. वारा आदळला की पूल किती हलेल, हे गणित ती त्यांच्याकडून सोडवून घेणार होती. तेही अशा घरात, जिथे पाण्याची बाटली कोणी भरायची याचंही आजवर वाटप झालेलं नाही.

तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शक बाई आज घरीच बघायला आल्या होत्या. खुर्चीत टेकता टेकताच म्हणाल्या, "फोन भरवशाचे नसतात. मी निघेपर्यंत उत्तर आलं नाही, तर विषय बदलायचा."

तीन वर्षांचा विषय. ताईने शांतपणे मान डोलावली. कान मात्र लालबुंद.

जेवणाच्या टेबलावर फोन मांडले. लॅपटॉपवर प्रत्येकाचा एक हिरवा ठिपका. काकांचा ठिपका सारखा विझायचा, कारण काका फोन घेऊन सटकायचे.

"काका, ठेवा ना तो खाली."

"अगं, माझा फोन आहे."

"आत्ता तो पुलाचा आहे."

तरी काम अडत नव्हतं. प्रत्येक फोन झालेलं काम थोड्या थोड्या वेळाने लॅपटॉपकडे जमा करायचा. एक गळाला की दुसरा तिथूनच पुढे चालू. ही ताईची खरी करामत. बाईंनी मुद्दाम मामांचा फोन बंद केला, तर त्याचं काम माझ्या फुटक्या काचेच्या फोनने उचललं. माझी छाती उगाचच फुगली.

मग फोन तापले. तापलेला फोन जिवाला जपून चालतो, म्हणजे रांगतो. बाईंनी पर्स खांद्याला लावली. ताईने त्यांना जुने आलेख दाखवायच्या निमित्ताने घाईघाईने आतल्या खोलीत नेलं, मी लॅपटॉप घेऊन मागोमाग.

आलेख उघडतोय तोच ठिपके विझायला लागले. एकेक करून सगळे.

"गेले," मी म्हणालो.

"कोण गेलं?"

"अख्खं खानदान."

धावत बाहेर आलो. टेबल रिकामं. आत्या ओट्यापाशी निवांत भांडी पुसत होती.

"आत्या, फोन कुठेत?" ताईने विचारलं.

"फणफणले होते गं बिचारे. डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलेत. ओल लागू नये म्हणून झाकण घट्ट लावलंय."

"स्टीलच्या डब्यात?"

"मग काय टोपलीत ठेवू?"

स्टीलच्या बंद डब्यात रेंज शिरत नाही. ताईने फ्रीज उघडला, डबा ओढला. झाकण निघेना. मामा धावले, काका धावले, शेवटी बाईंनी पर्स खाली ठेवून डबा पोटाशी धरला आणि ताईने झाकण खेचलं.

एक ठिपका लागला. मग दोन. मग सगळे, आणि गणित जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू. शिवाय आता सुसाट. गारेगार फोन असे पळाले की काका फोन मागायचं विसरून लॅपटॉपवर वाकले. कोणी श्वास घेत नव्हतं. मी तर दोघांचा रोखून धरला होता.

उत्तर आलं. पूल थोडासाच हलणार होता. ताई जास्त हलली.

बाईंनी आकडे दोनदा तपासले. "सगळे फोन एकदम गेले तरी काम वाचलं. ही परीक्षा तर मलाही सुचली नसती. विषय हाच ठेवा." मग ताईकडे रोखून बघितलं. "हे थंड करणं तुमच्या आराखड्यात होतं?"

"आत्या होती," ताई म्हणाली.

बाईंनी पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि आत्यापुढे धरला.

"जरा बघता? सकाळपासून कोमट वाटतोय."